मौनाची किंमत : नायसियाचा धडा

रविवारच्या मिस्सात प्रवचन आटोपते, आपण सारे उठून उभे राहतो आणि विश्वासांगीकार म्हणू लागतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले शब्द. ओठ आपोआप चालतात. मन मात्र कधी वाडीत सोडून आलेल्या पाण्याकडे धावते, कधी चुलीवर ठेवलेल्या कालवणाकडे. दोष कुणाला द्यावा? वेदीपाशी उभे असलेल्या आमचीही नजर त्या वेळी कितीदा तरी पुढच्या निवेदनांच्या कागदावर खिळलेली असते.

या विश्वासांगीकारात एक शब्द असा आहे, की ज्याच्यासाठी बिशपांनी हद्दपारी पत्करली, साध्यासुध्या स्त्रीपुरुषांनी आपली ख्रिस्तमंदिरे सोडून उघड्या माळावर प्रार्थना केली आणि जो पुसून टाकण्यासाठी रोमन सम्राटाने आपली सारी सत्ता पणाला लावली. पुत्र हा पित्याशी 'एकतत्त्व' आहे, हे सांगणारा तो शब्द. ज्या नायसियाच्या विश्वपरिषदेने तो विश्वासांगीकारात घातला, तिला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातील इझनिकला, म्हणजेच जुन्या नायसियाला गेले आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासह त्यांनी तेथील प्राचीन मंदिराच्या अवशेषांपाशी प्रार्थना केली.

सोहळा झाला, तो व्हायलाच हवा होता. परंतु सोहळ्यात विजयाचे स्मरण होते आणि त्या विजयाच्या अलीकडची व पलीकडची साठ वर्षे झाकली जातात. आम्हाला येथे तीच वर्षे वाचकांपुढे ठेवावीशी वाटतात. ख्रिस्तसभेच्या घरात असत्य शिकवण शिरते तेव्हा ती कशी शिरते, तिला कोण बसायला पाट देतो आणि शेवटी तिची किंमत कोण मोजतो, हे त्या काळाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

बंदरावरची गाणी

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हे त्या काळचे विद्येचे आणि व्यापाराचे मोठे बंदर. तेथील बाऊकॅलिस नावाच्या चर्चमध्ये आरियस नावाचा धर्मगुरू होता. (आपल्याकडच्या 'आर्य' शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.) उंच, किंचित वाकलेला, साध्या वस्त्रांतला, मृदू आवाजाचा हा मनुष्य तपस्वी म्हणून ओळखला जाई. अनेक व्रतस्थ कुमारिका त्याला गुरू मानीत. त्याने बंदरावरच्या खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचली, असे त्याच्याच पंथाच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. चांगला माणूस, चांगला वक्ता आणि सहज ओठांवर बसणारी चाल: यापेक्षा अधिक काय हवे?

इ. स. ३१८ च्या सुमारास त्याने जे शिकवायला सुरुवात केली, त्याचा गाभा असा : पिता एकटाच अनादी आहे, पुत्राला पित्याने निर्माण केले, म्हणून पुत्र नव्हता अशीही एक स्थिती होती. पुत्र सर्व निर्मितीत श्रेष्ठ, सर्वांच्या आधीचा, सर्वांहून पवित्र. परंतु अखेर निर्मितीच. आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ तो नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील ज्ञानाविषयीचे वचन आणि पिता आपल्याहून थोर आहे हे योहानाच्या शुभवर्तमानातील प्रभूचे उद्गार पुढे करी. ऐकणाऱ्याला यात काही वावगे वाटत नसे. येशूचा अवमान तर कोठेच नव्हता. उलट त्याच्या स्तुतीची विशेषणे ओळीने येत.

बारकाईने पाहिले म्हणजे धोका ध्यानात येतो. पुत्र जर निर्मिती असेल, तर क्रुसावर देवाने काय दिले? आपल्यातले काहीच नाही. एका श्रेष्ठ सेवकाला पुढे पाठवून तो स्वतः दूर राहिला. जो स्वतः पाण्यात आहे, तो बुडणाऱ्याला काठावर कसा आणणार? ज्याला स्वतःचे अस्तित्व उसने मिळाले आहे, तो आपल्याला देवाचे जीवन कोठून देणार? आणि निर्मितीपुढे गुडघे टेकणे ही मूर्तिपूजा असेल, तर ख्रिस्ताची उपासना करणारी ख्रिस्तसभा पहिल्या दिवसापासून मूर्तिपूजकच ठरते. मधले एक तत्त्व हलवले आणि नाताळ, उत्तम शुक्रवार, बाप्तिस्मा, मिस्सा, सारी इमारत कलली.

अलेक्झांड्रियाचे बिशप अलेक्झांडर हे स्वभावाने सौम्य. त्यांनी प्रथम दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून चर्चा करू दिली. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो, की नव्या मताला असे चालू दिल्याबद्दल काही लोक त्यांना दोष देऊ लागले; परंतु बळाने गप्प करण्यापेक्षा समजुतीने वाद मिटावा, असे बिशपांना वाटत होते. त्यांच्या या सौजन्याला आम्ही हसणार नाही. मात्र या अवधीत गाणी बंदरातून गलबतांवर चढून पुढच्या बंदरांत पोहोचली होती. शेवटी इजिप्त व लिबियातील सुमारे शंभर बिशपांच्या सभेने आरियसला बहिष्कृत केले, तोवर निकोमिडियाचे बिशप युसेबियस यांच्यासारखे दरबारात वजन असलेले पाठीराखे त्याला मिळाले होते. जो प्रश्न एका धर्मग्रामात सुटला असता, तो आता साम्राज्याचा प्रश्न झाला.

एक शब्द

३२४ साली सम्राट कॉन्स्टंटाइन संपूर्ण साम्राज्याचा एकमेव धनी झाला. छळ संपला होता, मंदिरे उभी राहत होती आणि आता हे बिशप आपसांत भांडत होते. सम्राटाने कॉर्डोबाचे वृद्ध बिशप होसियस यांच्या हाती अलेक्झांडर आणि आरियस या दोघांनाही पत्र पाठवले. त्याचा सूर असा होता, की हा वाद क्षुल्लक आहे, शब्दांचा खेळ आहे, दोघांनी एकमेकांना क्षमा करून मोकळे व्हावे. राज्यकर्त्याला एकोपा हवा असतो. तो सत्याच्या पायावर उभा आहे की पायाशिवाय, याची चौकशी करायला त्याला सवड नसते. पत्राचा उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने ३२५ साली नायसियाला सर्व बिशपांना बोलावले.

परंपरा उपस्थितांची संख्या ३१८ सांगते. त्या वेळी हजर असलेल्यांच्या लिखाणात ती अडीचशे ते तीनशे अशी आढळते. पोप सिल्व्हेस्टर यांनी दोन धर्मगुरू आपले प्रतिनिधी म्हणून पाठवले. जमलेल्यांपैकी कित्येकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. इजिप्तच्या पाफ्नुशियस यांचा एक डोळा गेलेला; निओसिझेरियाच्या पौल यांचे हात तापलेल्या लोखंडाने निकामी झालेले. अशा माणसांना शब्दांच्या खेळाची हौस नव्हती.

सभेपुढे अडचण मोठी विलक्षण होती. बायबलमधील कोणताही शब्द सुचवला, की आरियसचे मित्र मान डोलावीत आणि त्या शब्दाचा आपल्याला सोयीचा अर्थ लावीत. पुत्र देवापासून आहे? होय, सगळेच देवापासून आहे. पुत्र देवाची प्रतिमा आहे? होय, मनुष्यही देवाची प्रतिमा आहे. शेवटी ज्याचा दुहेरी अर्थ लावणे त्यांना जमेना असा 'होमोऊसियोस' हा ग्रीक शब्द सभेने निवडला. एकतत्त्व, म्हणजे पित्याचे जे तत्त्व तेच पुत्राचे. दोन बिशप वगळता सर्वांनी सह्या केल्या. ते दोघे आणि आरियस हद्दपार झाले.

पुढे तडजोडीसाठी दुसरा शब्द सुचवण्यात आला, 'होमोइऊसियोस', म्हणजे समानतत्त्व, सारख्या तत्त्वाचा. ग्रीकमध्ये दोहोंत एका लहानशा अक्षराचा फरक. या अक्षरावरून पुष्कळांनी ख्रिस्तसभेची थट्टा केली आहे. परंतु मराठी वाचकाला काना-मात्रेचे माहात्म्य सांगायला नको. 'दिन' आणि 'दीन' यांत एका वेलांटीचा फरक असतो. एखादा मनुष्य आपल्या बापाचा मुलगा आहे आणि तो बापाच्या मुलासारखा आहे, या दोन वाक्यांत वारसाहक्काचा सारा प्रश्न सामावलेला असतो.

थकलेल्यांच्या सह्या

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आमची अशी समजूत होती, की नायसियाने निकाल दिला आणि प्रश्न मिटला. प्रत्यक्षात खरे संकट नायसियानंतर आले. सही करून मनातून न पटलेली माणसे आपापल्या धर्मप्रांतांत परतली. निकोमिडियाच्या युसेबियस यांना आधी दूर केले गेले, पण ३२८ साली ते परत आले आणि पुन्हा दरबारात शिरले. ३३७ साली मृत्युशय्येवरील कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झाला. ते नायसियाच्या विश्वासांगीकारावर उघड हल्ला करीत नसत. त्याचे रक्षण करणाऱ्या माणसांना ते एकेक करून पदावरून उतरवीत. कधी गैरवर्तनाचा आरोप, कधी राजद्रोहाचा.

यांतले प्रमुख लक्ष्य होते संत अथानासियस. नायसियाला ते अलेक्झांडर यांचे डीकन म्हणून गेले होते. ३२८ साली ते अलेक्झांड्रियाचे बिशप झाले. पंचेचाळीस वर्षांच्या बिशपपदात पाच वेळा हद्दपारी आणि सुमारे सतरा वर्षे आपल्या लोकांपासून दूर. कधी ट्रीयर, कधी रोम, कधी इजिप्तच्या वाळवंटातील मठ. ८ फेब्रुवारी ३५६ च्या रात्री ते थिओनासच्या चर्चमध्ये जागरणाच्या प्रार्थनेला बसले असताना सैनिकांनी मंदिराला वेढा घातला. अथानासियस आसनावरून हलले नाहीत. डीकनला त्यांनी स्तोत्र म्हणायला सांगितले, देवाची दया सर्वकाळ आहे अशी ग्वाही लोकांनी प्रत्येक ओळीनंतर द्यावी असे सुचवले आणि सगळे सुखरूप बाहेर पडल्याखेरीज आपण जाणार नाही असे सांगितले. दारे फुटली, बाण सुटले, माणसे मेली. शेवटी मठवासीयांनी गर्दीतून त्यांना ओढून बाहेर काढले.

त्या वेळी राज्य होते कॉन्स्टंटाइनचा पुत्र कॉन्स्टँटियस याचे. ३५५ साली मिलानच्या सभेत त्याने बिशपांपुढे अथानासियस यांच्या विरोधातला कागद ठेवला. सही न करणारे हद्दपार झाले. पोप लायबेरियस यांना थ्रेसमध्ये पाठवण्यात आले आणि दोन वर्षांच्या एकांतवासानंतर तेही दबावापुढे वाकले. त्यांनी नेमक्या कोणत्या मसुद्याला संमती दिली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नायसियात अग्रभागी असलेले होसियस तेव्हा शंभरीला टेकले होते. त्यांच्याकडूनही ३५७ साली सिर्मियम येथे सही घेतली गेली. या गोष्टी आम्ही लपवीत नाही. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी काय केले, हेही शुभवर्तमानाने लपवलेले नाही.

सर्वांत दुःखद प्रसंग घडला ३५९ साली इटलीतील रिमिनी येथे. चारशेहून अधिक बिशप जमले. बहुसंख्यांचा कौल नायसियाच्या बाजूने होता आणि तो त्यांनी दिलाही. मग सम्राटाकडे गेलेल्या त्यांच्या प्रतिनिधींकडून थ्रेसमधील नाइके या गावी वेगळ्याच मसुद्यावर सह्या घेण्यात आल्या. इकडे रिमिनीत बाकीच्यांना घरी परतण्याची मनाई झाली. दिवस जात होते, हिवाळा आला, वृद्ध बिशप आपल्या गावांसाठी झुरू लागले. नव्या मसुद्यात पुत्र पित्या'सारखा' आहे एवढेच म्हटले होते. तत्त्वाचा शब्द शांततेसाठी गाळला होता. शंका घेणाऱ्यांच्या समाधानासाठी सम्राटाच्या बाजूच्या एका बिशपाने जाहीर घोषणा केली, की पुत्र हा इतर निर्मितीसारखी निर्मिती आहे असे म्हणणारा शापित असो. सभेने टाळ्या वाजवल्या. सभेला ऐकू आले, की पुत्र निर्मिती नाही. बोलणाऱ्याच्या मनात होते, की निर्मितीच, फक्त इतरांसारखी नाही. सह्या झाल्या. संत जेरोम यांनी पुढे या प्रसंगाविषयी लिहिले, त्याचा आशय असा, की सारे जग कण्हले आणि आपण आरियसपंथी झालो आहोत हे पाहून चकित झाले.

वाचकहो, रिमिनीला सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ख्रिस्ताचे देवत्व नाकारायचे नव्हते. ते थकले होते. घरी जायचे होते. एका शब्दासाठी एवढे कशाला ताणायचे, असे त्यांना वाटले.

ज्यांनी ठेव राखली

मग ख्रिस्तसभा तरली कशी? कार्डिनल न्यूमन (२०१९ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले) यांनी १८५९ साली एका निबंधात या काळाचा मागोवा घेऊन दाखवून दिले, की बिशपांचा मोठा समुदाय डळमळला तेव्हा श्रद्धेची ठेव बऱ्याच अंशी सामान्य प्रापंचिकांनी सांभाळली. हद्दपारीत गेलेले संत हिलरी यांचेही निरीक्षण असेच आहे : प्रवचनकार दुहेरी शब्द वापरी, पण 'देवाचा पुत्र' हे शब्द ऐकणाऱ्या भोळ्या भाविकाला त्यांत खरा देवच दिसे, बोलणाऱ्याच्या हृदयापेक्षा ऐकणाऱ्याचा कान अधिक शुद्ध होता. पूर्वेकडील लोक आरियसपंथीयांच्या हाती गेलेल्या मंदिरांत पाऊल टाकीनात. स्त्रिया, म्हातारी माणसे, मुले पावसात, बर्फात आणि रणरणत्या उन्हात गावाबाहेर प्रार्थना करीत, असे संत बासिल यांनी पश्चिमेच्या बिशपांना कळवले आहे. कॉन्स्टँटिनोपलची सर्व मंदिरे जवळजवळ चाळीस वर्षे परकी झाली होती. ३७९ साली नाझियान्झचे संत ग्रेगरी तेथे गेले, तेव्हा त्यांना एका नातलगाच्या घरातील खोलीत उपासना सुरू करावी लागली. दोनच वर्षांनी, ३८१ साली, त्याच शहरात १५० बिशपांच्या परिषदेने नायसियाच्या श्रद्धेवर पुन्हा शिक्कामोर्तब केले. अथानासियस हे पाहायला उरले नव्हते. २ मे ३७३ रोजी ते आपल्या शहरात, आपल्या लोकांत वारले होते.

नातवंडांनी फेडलेले कर्ज

येथे पडदा पडला असता, तर निम्मे दुःख वाचले असते. परंतु दरबारात आरियसपंथाची चलती होती त्याच काळात गॉथ लोकांकडे शुभवर्तमान पोहोचले. त्यांचा बिशप उल्फिला याला दीक्षा दिली निकोमिडियाच्या युसेबियस यांनी. मोठा कर्तबगार मनुष्य; त्याने गॉथ भाषेसाठी लिपी तयार केली, तीत बायबलचे भाषांतर केले. त्याच्या लोकांना ख्रिस्त मिळाला, पण उणा ख्रिस्त मिळाला. त्यांच्याकडून तोच विश्वास व्हँडल आदी जमातींत गेला. साम्राज्यात वाद मिटल्यानंतरही या जमाती त्याच मतावर ठाम राहिल्या आणि पुढे शस्त्रे घेऊन साम्राज्यात उतरल्या.

४३० साली संत ऑगस्टीन हिप्पो येथे मृत्युशय्येवर होते, तेव्हा शहराला व्हँडलांचा वेढा पडलेला होता. त्यानंतर उत्तर आफ्रिकेतील कॅथोलिकांनी शतकभर जाच सोसला; राजा ह्युनेरिक याने ४८४ साली बिशपांना हद्दपार केले, मंदिरे हिसकावली. स्पेनमधील गॉथ राज्याने कॅथोलिक श्रद्धेचा जाहीर स्वीकार केला तो ५८९ साली, टोलेडोच्या परिषदेत. बंदरावरच्या पहिल्या गाण्यापासून टोलेडोपर्यंत सुमारे २७० वर्षे झाली. ज्यांनी शांततेसाठी डोळे मिटले, ते आपल्या बिछान्यांत मेले. कर्ज नातवंडांच्या नातवंडांनी फेडले.

दुसरी वाट, तीही खोटी

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग असत्य शिकवणाऱ्यांना ठेचूनच काढले पाहिजे. इतिहास याही वाटेने जाऊन आला आहे. इ. स. ३८५ च्या सुमारास ट्रीयर येथे प्रिसिलियन नावाच्या स्पॅनिश बिशपाचा, काही बिशपांच्याच आग्रहावरून, सम्राटाच्या आज्ञेने शिरच्छेद झाला. त्याच्या मतांशी मुळीच सहमत नसलेले तूरचे संत मार्टिन त्याच्या प्राणांसाठी सम्राटाकडे रदबदली करीत होते; ज्यांनी त्याचा मृत्यू मागितला त्या बिशपांशी संबंध ठेवायला संत अँब्रोझ यांनी नकार दिला. दुर्दैवाने पुढच्या शतकांनी मार्टिन यांचे ऐकले नाही. आपल्या गोव्यात १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले आणि त्याची कटू आठवण या किनाऱ्यावर अजून पुसलेली नाही. सत्याची सेवा करताना शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले, याबद्दल संत पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, १२ मार्च २००० रोजी, ख्रिस्तसभेने देवाजवळ क्षमा मागितली. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजोरी नको, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच स्पष्ट केले होते.

अथानासियस यांनी आपल्या थोरवीचा पुरावा दिला तो ३६२ साली. हद्दपारीतून परतताच त्यांनी अलेक्झांड्रियात लहानशी सभा भरवली. ज्यांनी भीतीपोटी वा थकव्यापोटी सह्या केल्या होत्या, त्यांनी नायसियाची श्रद्धा मान्य करावी आणि सन्मानाने परत यावे, असे त्या सभेने ठरवले. त्रैक्याविषयी वेगवेगळे शब्द वापरून भांडणाऱ्या दोन गटांना त्यांनी एकमेकांसमोर बसवले, प्रत्येकाला त्याच्या शब्दाचा अर्थ विचारला आणि दोघांचा विश्वास एकच असल्याचे त्यांच्याच तोंडून वदवले. ज्या माणसाने एका शब्दासाठी पाच हद्दपाऱ्या सोसल्या, त्यानेच दुसऱ्या शब्दांच्या बाबतीत हट्ट सोडला. शिकवणीशी तडजोड नाही आणि माणसाला दार बंद नाही: या दोन गोष्टी एकाच हृदयात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आमची कबुली

इतिहासातील माणसांना जाब विचारणे सोपे असते. म्हणून आता स्वतःविषयी थोडे.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आमची नेमणूक होती. तेथील एक निवृत्त गृहस्थ प्रार्थनासमूह चालवीत. गोड गळा, मनमिळाऊ स्वभाव. कुणाच्या घरी मयत झाली तर रात्रभर बसणारे. त्यांच्या प्रार्थनेला मोठी गर्दी जमे. हळूहळू त्यांच्या बोलण्यात येऊ लागले, की आजार हा पूर्वजांच्या पापाचा शाप असतो. खरा विश्वास असेल त्याला औषध लागत नाही. गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. हे आमच्या कानांवर आले, आणि एकदाच आले असे नाही. एक शिक्षिका तर मुद्दाम येऊन सांगून गेल्या. आम्ही त्यांना म्हणालो, "जाऊ द्या हो बाई, प्रार्थनाच करतात ना? दारूच्या दुकानात बसण्यापेक्षा बरे." सण जवळ आला होता, चर्चच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमवायची होती आणि त्या गृहस्थांशिवाय वर्गणी जमत नव्हती. हे शेवटचे कारण तेव्हा आम्ही स्वतःजवळही कबूल केले नव्हते.

पुढे मधुमेह असलेल्या एका कुटुंबप्रमुखाने इन्शुलिन बंद केले. पायाची जखम चिघळली. रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही त्यांच्यासाठी पवित्र कम्युनियन घेऊन गेलो. त्यांच्या पत्नीने आम्हाला बाजूला बोलावले आणि विचारले, "फादर, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं ना? मग तुम्ही का नाही बोललात? तुम्ही एक शब्द सांगितला असता, तर यांनी ऐकलं असतं."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बिशप अलेक्झांडर यांनी निदान दोन्ही पक्षांना समोर बसवून चर्चा तरी केली होती. आम्ही सोय पाहिली आणि तिला सौजन्य हे नाव दिले.

त्याच आठवड्यात आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. आधी उशिरा आल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. मग सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वैद्याला मान द्यायला सांगितले आहे, कारण त्याला देवानेच नेमले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय ठेवला. त्यात जन्मांधाच्या अंधत्वाचे कारण त्याचे किंवा त्याच्या आईवडिलांचे पाप नव्हे, असे प्रभूने शिष्यांना बजावले आहे. ते गप्प बसून राहिले. रविवारी आम्ही कुणाचे नाव न घेता हीच शिकवण वेदीवरून सांगितली. समूह फुटला, काही कुटुंबे आमच्यावर रुसली. ते गृहस्थ वर्षभर चर्चकडे फिरकले नाहीत. नंतर पुनरुत्थानाच्या जागरणाच्या मिस्साला ते मागच्या बाकावर दिसले. पुढच्या बाकावर, कुबड्या शेजारी ठेवून, तो पाय गमावलेला मनुष्य बसला होता. हातात मेणबत्त्या घेऊन आम्ही सर्वांनी बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण केले. आमचा आवाज त्या वेळी नीट निघत नव्हता.

वाचकहो, असत्य शिकवण आजही कपाळावर नाव लिहून येत नाही. ती गोड गळ्याने येते, चांगल्या माणसाच्या हाताने येते, आता तर हातातल्या मोबाइलवरूनही येते. तिची पारख करण्यासाठी पंडित असण्याची गरज नाही. ही शिकवण प्रभू येशूला उणे करते का? ती देवाला आपल्यापासून दूर नेते का? ती दुबळ्याच्या डोक्यावर ओझे ठेवते का? एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

आणि उलगडा झाला, की धर्मगुरूंकडे जावे, त्या शिक्षिका आमच्याकडे आल्या तसे. धर्मगुरूंनी सण, वर्गणी, दुरुस्ती अशी कारणे सांगितली, तर परत जावे. चौथ्या शतकात ख्रिस्तसभेची लाज तुमच्यासारख्यांनीच राखली. येत्या रविवारी विश्वासांगीकार म्हणताना 'एकतत्त्व' या शब्दापाशी क्षणभर सावकाश व्हा. आम्हीही निवेदनांचा कागद तेवढ्यापुरता बाजूला ठेवू.